पेटंट क्रमांक ६६३०५०७ आणि 'विजया' तेलाची बाटली

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय. मजकूर साधारण असा: अमेरिकेचं सरकार जगाला सांगतं की गांजा वाईट, आणि गुपचूप त्याच गांजाच्या अर्काचं पेटंट स्वतःच्या नावावर करून ठेवतं. कारण त्यात म्हणे जगातलं सगळ्यात जोरदार अँटिऑक्सिडंट आहे. मेंदू, हृदय, मधुमेह, कॅन्सर, सगळ्यावर चालतं. खाली पेटंटचा नंबर, त्याखाली 'विजया' तेलाच्या बाटलीचा फोटो आणि ऑर्डर करायला मोबाइल नंबर.

असल्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा सगळंच खोटं असतं, म्हणून मी ते वाचायच्या फंदात पडत नाही. यातलं पेटंट मात्र खरं आहे. नंबर खरा आहे. त्यामागचं संशोधनही खरं आहे, आणि तेही एका नोबेल विजेत्याचं. अर्धं खरं असलेलं हे प्रकरण म्हणूनच सविस्तर लिहायला घेतलं. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी पेटंट. अमेरिकन पेटंट क्रमांक ६६३०५०७, मंजूर झालं ७ ऑक्टोबर २००३ रोजी. विषय: कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजाच्या झाडात सापडणाऱ्या रसायनांचा गट, अँटिऑक्सिडंट म्हणून आणि मेंदूच्या पेशींचं रक्षण करणारं औषध म्हणून वापरणं. मालक अमेरिकन सरकार, त्यांच्या आरोग्य खात्यामार्फत. संशोधक तिघे: एडन हॅम्पसन, ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि मॉरिझिओ ग्रिमाल्डी. आता गंमत बघा, त्याच सरकारच्या १९७० च्या कायद्याने गांजा पहिल्या यादीत टाकलेला, म्हणजे 'मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग शून्य'. एका खात्याचं म्हणणं उपयोग नाही, दुसऱ्या खात्याकडे उपयोगाचं पेटंट. २०१६ मध्ये अमेरिकेत लोकांनी तळहातावर हा आकडा लिहून फोटो टाकले होते, त्यांचा राग समजण्यासारखा होता. मेसेजमध्ये एक गोष्ट नसते ती म्हणजे या पेटंटची मुदत एप्रिल २०१९ मध्येच संपली. आज ते कुणाच्याच मालकीचं नाही. कुणाला औषध बनवायचं असेल तर या पेटंटची आडकाठी नाही.

पण मुद्दा मुदतीचा नाहीये. पेटंट म्हणजे औषध लागू पडतं याचं सर्टिफिकेट, असं आपण धरून चालतो, तिथे गडबड आहे. आणि हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९९५ मध्ये अमेरिकेनेच हळदीने जखम भरते याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं होतं. आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्या लढाईत पेटंट कार्यालयाने काय तपासलं? कल्पना नवी आहे की जुनी. हळदीने किती रोग्यांची जखम किती दिवसांत भरली, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. गांजाच्या पेटंटलाही हाच नियम लागू. 'ही कल्पना आधी कुणी मांडली नव्हती' एवढंच त्या कागदाने सिद्ध होतं.

मग कल्पना नेमकी काय होती?

घरातलं उदाहरण घेऊ. सुकं खोबरं, शेंगदाणे, उघडं राहिलेलं तेल काही दिवसांनी खवट होतं. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या चरबीच्या रेणूंना धरतो, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी चालू होते. साखळीतल्या या भुकेल्या, एक इलेक्ट्रॉन कमी पडलेल्या तुकड्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. जो पदार्थ आपल्यातला एक हायड्रोजन देऊन त्यांना शांत करतो आणि साखळी तोडतो, तो अँटिऑक्सिडंट. आपल्या पेशींच्या भिंतीही चरबीच्याच असतात, त्यामुळे शरीरातही हा खवटपणा चालतो. तो थोपवला तर म्हातारपण आणि रोग दोन्ही लांबतील, अशी मांडणी डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये केली, आणि तिथून अँटिऑक्सिडंट हा शब्द हळूहळू प्रयोगशाळेतून बाजारात आला. आज तो चहाच्या पाकिटापासून फेसवॉशपर्यंत सगळीकडे आहे.

गांजाच्या झाडात दोन रसायनं महत्त्वाची. टीएचसी, ज्याने नशा येते, आणि सीबीडी, ज्याने येत नाही. दोघांच्याही रेणूत फिनॉल नावाची जोडणी आहे आणि तीच हायड्रोजन देते. हा काही गांजाचा खास गुण नव्हे. हळदीत तीच जोडणी आहे, चहात आहे, डाळिंबाच्या सालीत आहे. प्रयोगशाळेत एक जांभळं रसायन असतं, डीपीपीएच नावाचं. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला आणि रंग पिवळा पडला की 'अँटिऑक्सिडंट गुण आढळला' असं लिहिता येतं. आपल्याकडच्या किती कॉलेजांमधून किती झाडपाल्याचे असे प्रबंध निघाले असतील याची गणतीच नाही. ज्याचा रंग पिवळा पडत नाही असं झाड शोधणं जास्त कठीण.

हॅम्पसन आणि मंडळींचं काम मात्र यापेक्षा बरंच पुढचं होतं. त्यांच्यातले ॲक्सेलरॉड हा माणूस जरा सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरित ज्यू घरातला, प्रयोगशाळेतल्या अपघातात एक डोळा गमावलेला. आज आपण ताप आला की जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, तिच्यामागच्या १९४० च्या दशकातल्या संशोधनात त्यांचा हात होता. १९७० चं नोबेल त्यांना मेंदूतल्या रासायनिक निरोपांवरच्या कामासाठी मिळालं. त्याच सुमारास टीएचसी माणसाच्या रक्तात किती दिवस रेंगाळतं हेही त्यांनी मोजलं. १९९८ मध्ये गांजावरचा हा निबंध आला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

प्रयोग असा. पक्षाघातात मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन प्रमाणाबाहेर सोडतात. शेजारच्या पेशी त्याने अति उत्तेजित होतात, आत फ्री रॅडिकलचा भडका उडतो आणि त्याही मरतात. या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशी तबकडीत वाढवल्या, त्यांच्यावर विषारी मात्रेत ग्लुटामेट सोडलं आणि सोबत सीबीडी किंवा टीएचसी घातलं. पेशी वाचल्या. सीबीडीने क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्वापेक्षा जास्त वाचवल्या. गांजाची नशा ज्या ग्राहकांवर चढते ते ग्राहक बंद करून ठेवले तरी पेशी वाचतच राहिल्या, म्हणजे नशेचा आणि या रक्षणाचा संबंध नव्हता. हा खरा शोध होता, आणि सुंदर होता. त्याच निबंधात अजून एक तुलना आहे जी मेसेजवाले कधी सांगत नाहीत. सीबीडीची अँटिऑक्सिडंट ताकद साधारण बीएचटीइतकी भरली. बीएचटी म्हणजे काय? तेल-तुपाचे पदार्थ खवट होऊ नयेत म्हणून कारखाने घालतात ते परिरक्षक. ते मेंदूसाठी चमच्याने घ्या असं कुणी म्हणत नाही.

तर १९९८ चं सत्य एवढंच: तबकडीत, उंदराच्या पेशी. तिथून माणसाच्या शरीरापर्यंतचा रस्ता कसा चालायचा असतो, हे याच झाडाबाबत आपल्याच देशात त्याआधी दोनदा दिसलं होतं.

पहिल्यांदा १८३९ मध्ये, कलकत्त्यात. विल्यम ओ'शॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवत होता. (पुढे भारतात तारायंत्र आणणारा तो हाच.) गांजाबद्दल त्याने आधी पंडितांना आणि हकिमांना विचारलं, त्यांत आपल्याकडच्या शवविच्छेदनाच्या इतिहासात नाव असलेले पंडित मधुसूदन गुप्तही होते. मग त्याने अर्क बनवून प्राण्यांना दिला. कुत्रे, मांजरं, डुकरं, गिधाडं यांना लगेच चढते, आणि घोडा, शेळी, गाय यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, असं त्याने नोंदवलं. मग माणसं: संधिवात, धनुर्वात, कॉलरा, पिसाळलेला कुत्रा चावलेला रोगी, आणि झटके येणारं एक तान्हं बाळ. मला यात काय आवडतं सांगू? त्याने अपयशही लिहून ठेवलंय. संधिवाताच्या एका रोग्याला मात्रा चढली, तो गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला, नंतर असा जड झाला की हात उचलून ठेवाल तसा राहायचा. डॉक्टर घाबरला आणि ते घाबरणं त्याने लपवलं नाही. कुत्रा चावलेला रोगी वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, हे त्याने तसंच लिहिलं. बाळाचे झटके थांबले. प्रत्येक ठिकाणी रोगी कोण, मात्रा किती, पुढे काय झालं, हे आहे. 'गुणकारी' असा मोघम शब्द लिहून तो मोकळा झाला नाही.

१८४० च्या दशकात तो इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्याबरोबर हा अर्कही गेला. लंडनच्या पीटर स्क्वायर नावाच्या औषधविक्रेत्याने तो बनवायला घेतला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं 'इंडियन हेंप' युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या कपाटात राहिला. मग गेला का? आजच्या प्रचारात सांगतात की औषध कंपन्यांनी कट करून काढला. १९३७ च्या अमेरिकन करकायद्याने शेवटचा धक्का दिला हे खरंच, त्याला अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने विरोधही केला होता. पण औषध त्याआधीच डुगडुगत होतं, आणि कारण फार साधं होतं. एका बाटलीने रोगी झोपायचा, दुसरीने काहीच व्हायचं नाही, तिसरीने बडबडायला लागायचा. अर्कात नेमकं काय काम करतंय तेच कुणाला माहीत नव्हतं, तर मात्रा ठरवणार कशी? शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईने देता येईना, आणि तोवर मॉर्फिन सुईने देता यायला लागलं होतं. ब्रिटिश औषधसंहितेतून गांजा १९३२ मध्ये निघाला, अमेरिकन संहितेतून १९४२ मध्ये.

दुसरी वेळ १८९३-९४ ची. ब्रिटिश संसदेत दारूबंदीवाले खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी प्रश्न उठवला की गांजाने हिंदुस्थानी लोक वेडे होतायत, बंदी घाला. सरकारने आयोग नेमला, इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन. सात सदस्य, त्यात तीन हिंदी. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. ११९३ साक्षी घेतल्या: डॉक्टर, कलेक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, शेतकरी, ठेकेदार. आपल्या मुंबई इलाख्याचीही चौकशी झाली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाची लागवड होत असे. सरकारला कराचं उत्पन्न होतं, हे लक्षात ठेवूनच हा अहवाल वाचावा लागतो, आयोग काही संतमंडळींचा नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी मनापासून केली. 'गांजाने वेड लागतं' याचा पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरं पुढे केली जात. आयोगाने ती उघडून एकेक नोंद उलट तपासली. बऱ्याच ठिकाणी असं निघालं की रोगी आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात 'गांजा' लिहिलं, इस्पितळाने तेच उतरवून घेतलं आणि वर्षाच्या शेवटी तो सरकारी आकडा झाला. कुणी रोग्याच्या घरी जाऊन विचारलंच नव्हतं. शेवटी आयोगाने सांगितलं की माफक वापराने सहसा नुकसान होत नाही, अतिवापराने होतं, सरसकट बंदी नको, परवाने आणि कर असावेत.

पोलिसाने रकान्यात लिहिलेलं कारण पुरावा होत नाही, तसंच जाहिरातीत लिहिलेला गुणही होत नाही. म्हणून हे प्रकरण इथे आणलं. गांजाच्या बाजूने बोलणारे आज या अहवालाचा फक्त निष्कर्ष वापरतात आणि त्याची पद्धत सोडून देतात.

रसायनाची बाजू त्यानंतर फार सावकाश सरकली. १८९६ मध्ये केंब्रिजला हिंदुस्थानातून गेलेल्या चरसातून कॅनाबिनॉल वेगळं झालं. सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळं केलं, पण त्याची अचूक रचना १९६३ मध्ये आणि टीएचसीची १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशूलम यांच्या गटाने उलगडली. मेशूलम यांनी त्यासाठी पोलिसांनी पकडलेला पाच किलो हशिश मागून घेतला आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत नेला, हे ते स्वतःच हसत सांगायचे. १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत आपल्या मेंदूत तयार होणारा गांजासारखा पदार्थ सापडला, त्याचं नाव ठेवलं आनंदमाइड. हो, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद'वरून.

आता पेटंटकडे परत. तबकडीत पेशी वाचल्या, मग माणसात काय झालं?

मेशूलम यांच्या संशोधनातून आलेला एक कृत्रिम रेणू होता, डेक्सॅनॅबिनॉल. कॅनाबिनॉइडचाच भाऊबंद, नशा न आणणारा, ग्लुटामेटचा मारा रोखणारा आणि वर अँटिऑक्सिडंटही. डोक्याला मार बसलेल्या प्राण्यांमध्ये निकाल छान होते. मग माणसात मोठी चाचणी झाली. गंभीर डोकेदुखापतीचे ८६१ रोगी, १५ देश, अपघातानंतर सहा तासांच्या आत एक इंजेक्शन, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतंच द्रावण. सहा महिन्यांनी मोजलं तर वाईट अवस्थेत असलेले औषधवाल्यांत ५० टक्के, बिनऔषधवाल्यांत ५१ टक्के. म्हणजे काहीही फरक नाही. त्रासही झाला नाही, फायदाही झाला नाही. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणी म्हणेल, डेक्सॅनॅबिनॉल म्हणजे सीबीडी नव्हे. बरोबर. पण मूळ युक्तिवाद तोच होता, आणि माणसाच्या डोक्यात तो चालला नाही. पक्षाघातासाठी किंवा डोक्याच्या मारासाठी औषध म्हणून सीबीडीला आजही मान्यता नाही.

हे फक्त गांजाचं दुर्दैव नाही, अख्ख्या अँटिऑक्सिडंट कल्पनेचं आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, गाजरातलं बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन. अपेक्षा होती फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी धोका दिसला म्हणून मध्येच थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं. असं का होतं? कारण शरीर म्हणजे खोबऱ्याची वाटी नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच फ्री रॅडिकल वापरतात. पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात. आणि ते प्रमाणात ठेवायला शरीराची स्वतःची यंत्रणा आहे, जी बाहेरून टाकलेल्या चमचाभर तेलाची वाट बघत बसलेली नसते. अमेरिकन कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणारं आपलं कोष्टक २०१२ मध्ये काढूनच टाकलं, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या.

गांजाच्या बाबतीत तर अजून एक मजा आहे. सीबीडी तबकडीतल्या कॅन्सरच्या पेशी मारतं असं दाखवणारे प्रयोग आहेत. इटलीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये मेंदूच्या कॅन्सरपेशींवर दाखवलं की ते मारतं कसं: पेशीत फ्री रॅडिकल वाढवून! म्हणजे एकाच मेसेजमध्ये 'हे अँटिऑक्सिडंट आहे' आणि 'हे कॅन्सर मारतं' असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा दावा ज्या प्रयोगावर उभा आहे तो पहिल्याच्या नेमका उलट आहे. कुठली पेशी, किती मात्रा, यावर एकच रेणू आग विझवतो किंवा लावतो.

आणि चिलीम ओढून अँटिऑक्सिडंट मिळतं म्हणणाऱ्यांसाठी फक्त एक ओळ: कुठलाही धूर हाच फ्री रॅडिकलचा फवारा असतो.

मग सीबीडी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेने एपिडायोलेक्स हे शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर केलं, मुलांमधल्या दोन दुर्मीळ, हट्टी अपस्मारांसाठी. ड्रावे सिंड्रोम असलेल्या १२० मुला-तरुणांच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे मोठे झटके साधारण १२ वरून ६ वर आले, नुसतं सरबत घेणाऱ्यांचे १५ वरून १४. ज्या घरात असं मूल आहे त्यांना विचारा सहा झटके कमी होणं म्हणजे काय. कलकत्त्यातल्या त्या बाळानंतर १७९ वर्षांनी! पण हा उपयोग अँटिऑक्सिडंट आहे म्हणून सापडला नाही. ते नेमकं कसं काम करतं हे नक्की ठाऊक नाही, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. मात्रा आहे वजनाच्या किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. तोंडावाटे घेतलेल्यातलं जेमतेम सहा टक्के रक्तात पोचतं, तेलकट जेवणाबरोबर घेतलं तर चारपट. आणि पत्रकातली ठळक सूचना? यकृताला इजा होऊ शकते, रक्त तपासत राहा. आपल्याकडे हेच 'लिव्हर डिटॉक्स' म्हणून विकलं जातंय.

मेसेज पाठवणाऱ्यांतल्या एका ताईंनी मला थेट विचारलं, म्हणून हा भाग खास लिहितोय. त्यांच्या आईला पक्षाघात होऊन गेलाय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि विकणाऱ्याने सांगितलंय की हे तेल 'मेंदूच्या नसा उघडतं, पेटंट आहे'. ताई, त्या गोळीचं नाव वॉरफरिन असेल तर सीबीडी तिचं शरीरातून जाणं मंदावतं, रक्त जास्त पातळ होतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. झटक्यांवरच्या व्हॅल्प्रोएटबरोबर घेतलं तर यकृतावरचा ताण वाढतो. क्लोबाझामबरोबर घेतलं तर माणूस दिवसभर पेंगतो. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य विकणाऱ्याकडून लेखी मागा. देत नाहीत.

आता कायद्याचं, कारण तेही विचारलं जातं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासून बनलेली 'विजया' आयुर्वेदिक औषध म्हणून परवान्याने बनवता येते. बियांना तर नोव्हेंबर २०२१ पासून अन्न म्हणूनही परवानगी आहे, पण बियांत सीबीडी जवळपास नसतंच. 'हेंप सीड ऑइल' घेऊन सीबीडीचे गुण सांगणारा सरळ फसवतोय. पानांनाही सगळीकडे मोकळं रान आहे असं समजू नका. उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत, आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत भांगही येते. औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांत आहे, त्यामुळे अशा औषधाच्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. आणि कॅन्सर, मधुमेह, पक्षाघात बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, मग औषध ॲलोपॅथीचं असो की आयुर्वेदाचं. त्या मेसेजमधला मोबाइल नंबर चालू आहे, अन्न व औषध प्रशासनाला तो मिळू शकतो.

माझी तक्रार विजयेशी नाहीच. मला वाटतं आपल्या वैद्यकीय कॉलेजांनी आणि आयुर्वेद महाविद्यालयांनी मिळून यावर नीट चाचण्या घ्याव्यात, सरकारने पैसे द्यावेत, निकाल काहीही येवो तो छापावा. १८९४ मध्ये परक्या सरकारला ११९३ जणांना विचारावंसं वाटलं होतं. तोवर कुणी बाटली पुढे केली तर तीन गोष्टी विचारा: यात सीबीडी किती मिलिग्रॅम, टीएचसी किती मिलिग्रॅम, आणि हे मोजलं कुठल्या प्रयोगशाळेने. मी त्या नंबरवर फोन करून विचारलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, ते नॅचरल असतं ना, मोजत नाहीत."